गोंधळात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

मांडवीकाठ:
बोटीवरची नोकरी धरायची का, पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जायचं का, आईवडिलांचं घर विकायचं का. असा प्रश्न पडला की आपल्या ख्रिस्ती घरांतून दोन सल्ले हमखास येतात: 'देवाक काळजी, त्याच्यावर सोड' आणि 'नवेन (नऊ दिवसांची प्रार्थना) धर, खूण मिळेल'. माझं म्हणणं असं की एवढ्यावर थांबणं म्हणजे भरवसा नव्हे, निर्णय टाळणं आहे.

बायबल मिटल्या डोळ्यांनी उघडून बोट पडेल त्या ओळीवर निर्णय घेणारे गिदोनाच्या लोकरीचा दाखला देतात: देव खरंच पाठवतोय का, हे त्याने खळ्यात ठेवलेल्या लोकरीवर दव पडतं का यावरून पाहिलं. बायबलमधलं शास्ते ६ नीट वाचा. काय करायचं हे देवाने गिदोनाला १४व्या ओवीतच सांगितलं होतं. लोकर येते ३६व्या ओवीत, आज्ञा ऐकून झाल्यावर, भीतीपोटी. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या हे खरं (प्रेषितांची कृत्ये १), पण त्याआधी पेत्राने पात्रता ठरवली, दोन नावं पुढे आली, प्रार्थना झाली. चिठ्ठी सगळ्यात शेवटी.

जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या संत इग्नाशियसने 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात (छपाई १५४८) मन शांत असताना वापरायची एक रीत दिली आहे. ती अशी:

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. दोन्ही पर्याय मुळात चांगले किंवा निदान निर्दोष हवेत. पापाचा पर्याय तोलायचाच नसतो, आणि लग्नासारखा कायमचा शब्द एकदा दिला की तो प्रश्न पुन्हा उघडायचा नसतो. मग कुठल्याही बाजूला कल नसलेलं मन मागा. इथेच बहुतेक जण अडकतात. मन आतून ठरवून मोकळं झालेलं असतं आणि प्रार्थना फक्त शिक्कामोर्तबासाठी चाललेली असते. असं असेल तर पुढे जाऊ नये, मोकळं मन मिळेपर्यंत तेवढंच मागत राहावं.

नंतर चार याद्या: गेलो तर फायदे, गेलो तर तोटे, राहिलो तर फायदे, राहिलो तर तोटे. 'राहण्याचे फायदे' ही यादी सहसा रिकामी राहते, कारण आपण तिथे जाण्याचेच तोटे उलटे करून लिहितो. तिला स्वतंत्र वेळ द्या. शेवटी मुद्दे मोजू नका, त्यांचं वजन बघा. देवाची सेवा कशात जास्त, हा काटा. पगार हा एक मुद्दा आहे, काटा नव्हे.

याद्यांनी भागलं नाही तर अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर काय सांगितलं असतं ते लिहा. मरणाच्या खाटेवरून मागे पाहताना काय निवडलेलं बरं वाटेल तेही लिहा. निर्णय झाला की तो प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा. ही शेवटची पायरी लोक गाळतात.

तेर्साचे मणी:
रीत चांगली आहे, पण ती कुणासाठी? चार याद्या लिहायला स्वस्थ मन आणि मोकळा वेळ लागतो. ज्या घरात नवरा आयसीयूत आहे, तिथल्या बाईला तुम्ही कागद-पेन देणार? तिच्या हातात तेर्स (जपमाळ) असतो, आणि ती प्रार्थना तुमच्या याद्यांहून कमी नाही.

नवेन म्हणजे खूण मागणं, हेही अर्धवट आहे. येशू स्वर्गात गेल्यावर शिष्य आणि मरिया एकत्र प्रार्थनेत राहिले, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत. नऊ दिवसांची प्रथा तिथून आली. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरपासून गोंयच्या सायबाचं (संत फ्रान्सिस झेवियरचं) नवेन असतं, तिथे माणूस एकटा नसतो. जमलेल्या लोकांत उभं राहणं हेच उत्तर आहे, निर्णय मागाहून येतो. चुकतं ते देवाशी सौदा केला की: 'काम झालं तर जाहिरात देईन, एवढ्या प्रती वाटीन'. त्याला माझाही विरोध आहे. पण सौदा वाईट म्हणून नवेन वाईट होत नाही.

आणि नीतिसूत्रे ३:५ काय सांगतं? स्वतःच्या बुद्धीवर टेकू नकोस. तुमच्या रीतीत देव शेवटी सही करायला येतो.

मांडवीकाठ:
आयसीयूतल्या बाईचा मुद्दा मान्य. तिने याद्या करूच नयेत, आणि इग्नाशियसही तेच सांगतो. त्याच पुस्तकातल्या मनाच्या चढउतारांच्या नियमांपैकी पाचवा: मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उजेडात जे ठरलं ते अंधारात धरून ठेवायचं. सहावा नियम: अशा वेळी प्रार्थना थोडी वाढवायची. तासभर करायची असेल तर मिनिटं कमी न करता वर थोडी जास्तच.

सहीचं मात्र चुकलं. मोकळं मन मागण्यापासूनच देव आत आहे. नीतिसूत्रे ३:५ बुद्धीवर टेकू नको म्हणतं, बुद्धी वापरू नको म्हणत नाही. त्याच पुस्तकात १५:२२ पुष्कळ सल्लागार घ्यायला सांगतं.

स्तोत्र_तेरा:
तुम्ही दोघंही लोकांना फार लवकर शांत करताय. बायबलमध्ये आधी तक्रार आहे. स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचं: पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर?', पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. रोज त्याच क्रमाने करता येतं. आधी देवाला जे खरं वाटतं ते मोठ्याने सांगा, मग एकच स्पष्ट मागणी, मग थांबा. तिसरा भाग मनात येत नसेल तर ओढून आणू नका. स्तोत्र ८८ अंधारावरच संपतं आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

भेटायला जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले तिथे चुकले, आणि ४२:७ मध्ये देव त्यांच्यावरच रागावतो.

यिर्मया २९:११ चं कार्ड आजाऱ्याच्या उशाशी ठेवणंही थांबवा. 'तुमच्यासाठी चांगल्या योजना आहेत' हे वचन बाबेलात कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना आहे, आणि आदल्याच ओवीत सत्तर वर्षं आहेत. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक परत येणार नव्हते. दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा होता हनन्या, अध्याय २८ मध्ये, आणि तो खोटा संदेष्टा ठरला. यिर्मयाने सांगितलं ते साधं: घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं भलं मागा.

तेर्साचे मणी:
ते कार्ड मी काढणार नाही. सत्तर वर्षांचा हिशोब खरा आहे, पण वचन एका माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठं असतं म्हणूनच ते उशाशी ठेवायचं. वाचून दाखवताना १० आणि ११ दोन्ही ओव्या वाचाव्यात, एवढं मात्र मानते.

बांबोळी_रोड:
एक गोष्ट सगळ्यांकडून सुटली. निर्णय न घेता येणं हे नैराश्याच्या लक्षणांपैकी एक आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं, त्यासोबत झोप-भूक बिघडणं, लक्ष न लागणं, सतत अपराधी वाटणं असं असेल तर ते केवळ आध्यात्मिक कोरडेपण समजून तेर्स वाढवत बसू नका. पाद्रीपुढे कुमसारही (पापांची कबुली) करा आणि डॉक्टरही गाठा. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, नवेन संपायची वाट न पाहता.

मांडवीकाठ:
याला पूर्ण दुजोरा. इग्नाशियसलाच १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला असताना पापांच्या शंकांनी इतकं घेरलं की जीव द्यावासा वाटला. देव उत्तर देईपर्यंत अन्न घेणार नाही म्हणून त्याने आठवडाभर उपास केला. तो उपास कुमसार ऐकणाऱ्या पाद्रीने मोडायला लावला आणि त्याने ऐकलं. त्या दिवसांत त्याने याद्या केल्या नाहीत. मरणाच्या खाटेची कल्पना सांगतानाही हे ध्यानात ठेवायला हवं: ती स्वस्थ माणसासाठी आहे. मन खचलेल्याला सांगू नये.

तेर्साचे मणी:
मग गोव्यातल्या बाणावलीच्या जोजे वाझ या पाद्रीबद्दल काय म्हणाल? १६८६ मध्ये तो डच अमलाखालच्या सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) निघाला, जिथे कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती. तिकडे कोण भेटेल, काय होईल, काही ठाऊक नाही. कुठल्या यादीत ते बसलं असतं?

मांडवीकाठ:
बसलं असतं, कारण काटा पगाराचा नाही, सेवेचा आहे. शिवाय तो वरिष्ठांची परवानगी घेऊन निघाला आणि पाद्रीचा झगा उतरवून गरीब मजुराच्या वेषात गेला. पुढचं दिसत नव्हतं, तरी जेवढं हातात होतं तेवढं त्याने केलं.

तेर्साचे मणी:
आणि तरी सिलोनला पोचल्यावर तो आजारी पडला, पुढे कँडीत हेर समजून त्याला कैदेत टाकलं. तयारी कुठेतरी संपतेच. त्यापुढच्या दिवसांबद्दल मी बोलतेय, आणि तिथे तुमच्या कागदावर जागा नाही.