फाइल माळ्यावर टाकू नका

'उपचार संपले की फाइल माळ्यावर टाका आणि विसरून जा' असं कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांच्या पालकांना कुणी कुणी सांगतं. भावना कळते, पण तेवढं करू नका. आमच्या लेकीला रक्ताचा कॅन्सर होता, अडीच वर्षं परळच्या टाटात फेऱ्या मारल्या. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाचा हृदयावरचा परिणाम कधीकधी कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून टाटात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं 'ॲक्ट' ('आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी', म्हणजे उपचार संपल्यानंतरचं) क्लिनिक आहे. कुठलं औषध किती दिलं, हे त्या फाइलमध्येच असतं हो!

पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा शेजारी नुकती मिशी फुटलेला एक मुलगा एकटाच आला होता, काखेत जाडजूड फाइल. लेक त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, यालापण झाला होता?"