पिकअप नंतर, आधी तारा

म्हापशाच्या मित्रानं विचारलंय, स्वस्तातल्या शॉर्ट-स्केल (आखूड तारांच्या) बेस गिटारची ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, ढिली वाजते, तर पिकअप (तारेची कंपनं पकडणारा चुंबकी भाग) बदलू का? नको, थांबा! स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ ऐवजी ३० इंच, म्हणजे त्याच सुराला ताण कमी पडणारच. पिकअप त्याला काय करणार? ई तार .१०५ इंच जाडीची असलेला शॉर्ट-स्केल तारांचा संचच घ्या. लांब स्केलच्या तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जाऊन तुटू शकतो. माझं मत फ्लॅटवाउंडला (चपट्या तारेचं गुळगुळीत वेटोळं असलेल्या तारांना), आवाज छान भरीव येतो. मग बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा) मागे न्या. जुन्या ब्रॉन्को बेससारखी चार तारांना मिळून दोनच सॅडल असतील, तर पैसे चार सॅडलच्या ब्रिजवर घाला. आणि हो, आपल्या पावसाळ्यात नेक हलतो. ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा.