माळ्यावर लोकर भरावी की कोंडलेली हवा पुरेशी?

नमस्कार मंडळी,

आमच्या माळ्यावरचं जुनं ग्लास वूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची लोकर) दबलंय, मधूनमधून काळंही पडलंय. ते काढायचं ठरलं तेव्हा घरात प्रश्न निघाला: हवेतून उष्णता इतकी कमी वाहते, तर नवी लोकर आणायचीच कशाला? जॉइस्टवर, म्हणजे माळ्याच्या आडव्या तुळयांवर, प्लायवूड ठोकून कडा सील केल्या की खाली २५ सेंटिमीटर कोंडलेली हवा मिळेलच. दुहेरी काचेच्या खिडकीत तरी दुसरं काय असतं? यात काही चुकत असेल तर प्लायवूड आणण्याआधीच सांगा.

---

ताई, प्लायवूड आणू नका.

हवेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२५ वॉट प्रति मीटर-केल्विन, तर ग्लास वूलची ०.०४ च्या आसपास. सगळी गोम आहे ती ‘स्थिर’ या शब्दात. खाली उबदार खोली आणि वर गार माळा असला की पोकळीच्या तळाची हवा तापून वर चढते, वरची गार हवा खाली उतरते. कडा कितीही सील करा, आतलं हे चक्र थांबत नाही. शिवाय उबदार सीलिंगकडून वरच्या फळीकडे प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, उष्णता जाते, तिला हवा अडवतच नाही. साध्या लाकूड-जिप्समच्या पोकळीतून निम्म्याहून जास्त उष्णता याच वाटेने जाते.

म्हणून पोकळी २ सेंटिमीटरची असो की २५ ची, उष्णता वर जात असताना तिची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची क्षमता) मेट्रिक मापात ०.१६ च्या आसपासच अडकते. तेवढ्याच २५ सेंटिमीटरमध्ये लोकर भरली तर ६ च्या वर जाते. अमेरिकी मापात म्हणायचं तर एकीकडे जेमतेम १, दुसरीकडे ३५.

खिडकीतून उजेड यायला हवा, म्हणून तिथे लोकर भरता येत नाही. मग हवा फिरू नये म्हणून फट १२ ते १६ मिलिमीटरच ठेवतात, आर्गॉन वायू भरतात, काचेवर प्रारण रोखणारा लेप देतात. माळ्यावर एवढ्या कसरतीची गरजच नाही.

लोकरीतही शेवटी हवाच काम करते. तंतू तिला जागच्या जागी धरून ठेवतात आणि प्रारणही अडवतात. गोधडी दबून चपटी झाली की ऊब कमी देते, तसंच हिचं. वर सामान रचून ती दाबू नका.

उष्ण हवामानात छपराकडून उष्णता खाली येते, तेव्हा गरम हवा वरच राहते आणि पोकळी थोडं बरं काम करते. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची चकचकीत बाजू पोकळीकडे ठेवली तर बराच फरक पडतो. मात्र वर तोंड करून पसरलेल्या फॉइलवर धूळ बसली की तो गुण जातो.

आता सील करण्याबद्दल. ते हवंच, पण खाली, सीलिंगच्या फटींत. लोकर उष्णता अडवते, वारा नाही. जुनी लोकर काळी पडली म्हणालात ना? बहुतेक वेळा तिथून घरातली हवा वर निसटत असते आणि तंतूंत धूळ गाळली जाते. फेकण्याआधी त्या जागांचे फोटो काढून ठेवा, गळतीचा नकाशाच आहे तो. पाइप, वायरी, दिवे, भिंतींचे माथे, माळ्याची झडप यांच्याभोवतीच्या फटी आधी बुजवा, मग लोकर. धुराड्याभोवती मात्र साधा फोम मारू नका. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारा सीलंट लागतो. वळचणीखालच्या जाळ्याही बुजवू नका, माळ्यावरची ओल त्यांच्यामुळेच बाहेर जाते.

---

काकांच्या मेलला एक जोड. बाथरूमचा पंखा माळ्यावरच हवा सोडत असेल तर आधी त्याची नळी छपराबाहेर न्या. आमच्याकडे तसं राहून गेलं आणि छपराच्या फळ्यांवर बुरशी आली. आणखी एक: जुन्या लोकरीखाली चमकदार, खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज दिसलं तर हातही लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आधी तपासणी करून घ्या. घरात घर गरम करणारी गॅसची भट्टी असेल तर फटी बुजवल्यावर तिचा धूर नीट बाहेर जातो का, तेही बघून घ्या.

---

काका, आत्ताच टॉर्च घेऊन वर जाऊन आले. काळे डाग नेमके दोन जागी आहेत: झडपेच्या कडेने आणि बाथरूमच्या पाइपभोवती. पाइपजवळची लोकर उचलली तर बोटभर फट, आणि तिच्यातून खालच्या दिव्याचा उजेड दिसतोय. व्हर्मिक्युलाइट नाही. पंख्याची नळी मात्र लोकरीतच संपते. उद्या सुरुवात तिथूनच.