१/४८ हरिकेन मार्क २ सी : इंफाळ १९४४ चे भारतीय विमान करायचे आहे, मार्गदर्शन हवे

प्रश्न : लाकडी_पाते

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हॉकर हरिकेन मार्क २ सी या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे १/४८ मापाचे प्लास्टिक किट आहे. डब्यातल्या डिकल्समधून (चिकटवण्याच्या छापील खुणांमधून) रात्रीच्या मोहिमांवर जाणारे ब्रिटनमधले काळे विमान तयार होते. मला मात्र १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळला घातलेल्या वेढ्याच्या काळात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या क्रमांक १ स्क्वाड्रनचे विमान करायचे आहे. जमिनीवर शत्रूशी लढणाऱ्या सैन्याला वरून वाटा, पूल आणि छावण्या दाखवून देणाऱ्या या विमानांविषयी मला फार आस्था आहे, आणि म्हणूनच ते डब्यावरच्या चित्राप्रमाणे न होता त्या आघाडीवर जसे दिसत असेल तसे व्हावे, अशी इच्छा आहे.

तीन गोष्टींबाबत सल्ला हवा आहे. पहिली, त्या आघाडीवरची रंगसंगती आणि राउंडेल (विमानावरची गोल राष्ट्रीय खूण). दुसरी, हरिकेनचा मागचा भाग कापडाचा होता; किटमध्ये त्यावरच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचे उठाव फारच ठळक वाटतात, ते तसेच ठेवावेत की घासावेत? तिसरी, एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पृष्ठभागाचा मागचा हलता भाग) कापून खाली झुकलेले दाखवायचे असतील तर त्यासोबत आणखी काय बदलावे लागेल? एअरब्रश वापरण्याचा सराव आहे, त्यामुळे रंगकामाच्या प्राथमिक गोष्टी सांगितल्या नाहीत तरी चालेल.

उत्तर : राउंडेल_निळे

विषय उत्तम निवडला आहे. आधी खुणांविषयी लिहितो, कारण पाहणारा विमान ओळखतो ते त्यांवरूनच.

भारत-ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिश राउंडेलमधला लाल रंग काढून टाकण्यात आला होता. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफांनी आपले विमान पाडू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे १९४४ मध्ये या विमानांवर गडद निळ्या कड्यात फिकट निळे वर्तुळ अशी आकाराने लहान खूण दिसते आणि शेपटीवरच्या उभ्या पट्ट्याही त्याच दोन रंगांच्या असतात. पंखांवरचे आणि शेपटीवरचे रुंद पांढरे ओळखपट्टे छायाचित्रांत पुष्कळदा आढळतात, पण ते प्रामुख्याने १९४५ मधल्या विमानांवरचे आहेत. वेढ्याच्या काळातल्या विमानावर ते लावू नयेत. नावाबाबतही तोच काटेकोरपणा पाळावा. ‘रॉयल’ ही उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली, त्यामुळे मॉडेलच्या पाटीवर फक्त ‘इंडियन एअर फोर्स’ लिहावे.

रंगसंगती वरून डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन, खालून मीडियम सी ग्रे अशी धरावी. ब्रिटनमधल्या दिवसा लढणाऱ्या फायटर विमानांवर १९४१ च्या ऑगस्टपासून तपकिरीची जागा ओशन ग्रेने घेतली होती आणि बहुतेक सूचनापत्रके तीच संगती देतात, म्हणून डब्यातल्या पत्रकावर डोळे मिटून विसंबू नये.

राउंडेल डिकलने लावण्याऐवजी रंगवावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. वर्तुळ कापणाऱ्या कंपास-कटरने मास्किंग टेपमध्ये छिद्र पाडून आधी संपूर्ण वर्तुळ फिकट निळ्या रंगाने भरावे, तो पूर्ण वाळल्यावर मधल्या भागावर टेपची लहान चकती चिकटवावी आणि मग गडद निळा फवारावा. फिकट निळा स्वतंत्र विकत घेण्याची गरज नाही, पांढऱ्यात तोच गडद निळा थोडा थोडा मिसळत गेल्यास दोन्ही छटा एकमेकींशी जुळतात. पट्ट्यांच्या उठावांवर जाड डिकल नीट बसत नाही आणि खाली हवा अडकून रुपेरी चमक येते. रंगवलेल्या खुणेत ही अडचणच उरत नाही.

शेवटी एक गोष्ट. गोंद उघडण्याआधी एकच विशिष्ट विमान आणि त्याचे शक्य तितके स्पष्ट छायाचित्र निवडावे. क्रमांक १ स्क्वाड्रनचे काम मुख्यतः टेहळणीचे होते आणि अशा कामावरच्या मार्क २ सी विमानांतल्या चारपैकी दोन तोफा वजन घटवण्यासाठी पुष्कळदा काढल्या जात. आपल्या विमानावर त्या किती होत्या, हे छायाचित्रच सांगेल. नाकाखालचा धूळ गाळणारा मोठा व्होक्स फिल्टरही त्याच छायाचित्रात तपासावा.

उत्तर : ताणलेले_कापड

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त कापडाविषयी लिहितो, कारण हरिकेनचे मॉडेल खरे वाटते की खेळण्यासारखे, हे माझ्या मते तिथेच ठरते.

प्रथम कुठे कापड आहे आणि कुठे नाही, ते नक्की करावे. इंजिनावरची आवरणे आणि कॉकपिटच्या बाजू काढता-घालता येणाऱ्या धातूच्या पत्र्याच्या आहेत. कॅनोपीमागचा (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणामागचा) उंचवटा लाकडी आहे. त्यामागचा सगळा धडाचा भाग, शेपटीचे आडवे-उभे पृष्ठभाग, रडर (शेपटीचा उभा हलता भाग), एलिव्हेटर आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) कापडाचे आहेत. मार्क २ चे पंख मात्र धातूचे. पेन्सिलने किटवरच ही हद्द आखून घ्यावी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे.

आता उठावांचा प्रश्न. डोप (कापड ताणून घट्ट करणारे लाखेसारखे द्रव्य) लावून ताणलेले लिनन दोन पट्ट्यांमध्ये फार तर काही मिलिमीटर आत बसते. आपण ५ मिलिमीटर धरले, तरी १/४८ मध्ये ती खोली सुमारे ०.१ मिलिमीटर होते, म्हणजे रंगाच्या दोन-तीन थरांइतकी. किटमधली दरी याच्या कितीतरी पट खोल असते. म्हणून उठाव नाहीसे करायचे नाहीत, फक्त मवाळ करायचे. १००० ग्रिटचा ओला सँडपेपर बोटाच्या टोकावर गुंडाळून पट्ट्यांच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, हलक्या हाताने फिरवावा. आडवा फिरवला तर माथा सपाट होतो आणि कडा धारदार राहते, जे कापडावर कधीच दिसत नाही. त्यानंतर प्रायमरचे पातळ थर देऊन प्रत्येक थरानंतर मॉडेल तिरप्या प्रकाशात धरून पाहावे. सावली पट्टीच्या कडेला तुटक न दिसता हळूहळू विरत जाऊ लागली की थांबावे.

धडाचे दोन अर्धे जोडल्यावर येणारी शिवण हा खरा कसोटीचा भाग आहे. ती घासताना शेजारचे उठाव हमखास झिजतात. जोडण्याआधी शिवणीच्या दोन्ही बाजूंना टेपच्या अरुंद पट्ट्या लावाव्यात आणि पुट्टी फक्त मधल्या फटीत भरावी. एवढे करूनही एखादी पट्टी झिजलीच, तर स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिक चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून केसाइतका बारीक ओढावा, अतिशय पातळ सिमेंटने त्या रेषेवर चिकटवावा आणि वाळल्यावर वरून घासून मिसळून घ्यावा.

रंग उडाल्याच्या खुणांबाबत माझा ठाम आग्रह आहे : कापडावर रुपेरी ओरखडे कधीही काढू नयेत. तिथे रंग निघाला तर खाली तांबूस डोप दिसेल, उघडे ॲल्युमिनियम दिसणार नाही. रोटोल कंपनीच्या पंख्याच्या लाकडी पात्यांनाही हाच नियम लागू होतो. रुपेरी खुणा डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथून वैमानिक व मेकॅनिक चढत, इंजिनाच्या आवरणांच्या कडांना आणि तोफांची दारे वारंवार उघडली जात तिथे शोभतात, आणि तिथेही मापाचे भान हवे. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिलिमीटरचा टवका. असे डझनभर टवके पंखावर दिसू लागले, तर ते विमान वापरातले न वाटता भंगारातले वाटते.

याउलट कापडावर जे खरोखर घडत असे, ते दाखवायला फार कमी जण धजावतात. गोळ्यांच्या किंवा खड्यांच्या छिद्रांवर आघाडीवरच कापडाची ठिगळे लावून वरून डोप दिला जाई. टेपमधून चौकोन कापून, मूळ हिरव्याहून किंचित गडद आणि ताज्या छटेत अशी दोन किंवा तीन ठिगळे धडाच्या मागच्या भागात फवारली, तर विमान लगेच राबलेले दिसते.

लाकडी_पाते

मनःपूर्वक आभार. पेन्सिलने हद्द आखण्याची सूचना तर आजच अमलात आणतो. एलिव्हेटरचा प्रश्न तेवढा उरला आहे, आणि रंग जुना दिसण्यासाठी प्रायमरवर पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) काळ्या करून घेण्याची पद्धत या विमानाला योग्य ठरेल का, तेही सांगावे.

उत्तर : कंट्रोल_दांडा

एलिव्हेटरची बिजागराची रेषा पात्याच्या पाठीने दोन्ही बाजूंनी हळूहळू खोल करत जावी. करवतीने कापल्यास तेवढे प्लास्टिक वाया जाते आणि रुंदी कमी होते. सुटा झाल्यावर एलिव्हेटरच्या पुढच्या कडेला अर्धगोल प्लास्टिक पट्टी चिकटवून गोलाई द्यावी, म्हणजे तो झुकवल्यावर फट उघडी पडत नाही. मागची कड मात्र आतल्या बाजूने घासून शक्य तितकी पातळ करावी.

डावा आणि उजवा एलिव्हेटर एकत्रच हलतात, त्यामुळे दोन्हींचा कोन अगदी समान हवा. ते खाली असतील तर कॉकपिटमधला दांडा पुढे ढकललेला दिसला पाहिजे. एलेरॉन हलवायचे ठरवले, तर एक वर आणि एक खाली असे करावे आणि दांड्याचा फक्त वरचा भाग वर गेलेल्या एलेरॉनच्या बाजूला कलवावा, कारण हरिकेनमध्ये दांड्याचा वरचा भागच आडवा हलतो. याच वेळी कॉकपिटच्या तळाकडेही लक्ष द्यावे. हरिकेनला सलग फरशी नव्हती. वैमानिकाच्या टाचांखाली दोन अरुंद पट्ट्या होत्या आणि त्यांच्या मधून खालची पोकळी दिसत असे. किटमध्ये सपाट फरशी दिली असेल, तर ती कापून दोन पट्ट्या ठेवण्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि वरून पाहताना खोली लगेच जाणवते.

काळ्या पॅनेल लाइनविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ती पद्धत संपूर्ण विमानावर सारखीच जाळी उमटवते, आणि हरिकेनच्या निम्म्या धडावर मुळात पत्र्याचे सांधेच नाहीत. त्याऐवजी मूळ रंगात थोडा पिवळसर-करडा मिसळून अतिशय पातळ केलेला थर पंखांच्या आणि धडाच्या फक्त वरच्या, उन्हात राहणाऱ्या भागांवर तुटक फवारावा. इंजिनाच्या धुराचा माग नळ्यांपाशी गडद आणि मागे जाताना करडा-तपकिरी होत जाणारा असावा. तेलाचे ओघळ नाकाखाली आणि डाव्या पंखाच्या मुळाशी अधिक दाखवावेत, कारण तेलाची टाकी तिथेच पंखाच्या पुढच्या कडेत होती.

चिखल अगदी शेवटी. वेढा मार्चमध्ये सुरू झाला आणि २२ जूनला रस्ता मोकळा झाला, तेव्हा पावसाळा लागलेला होता. आपण निवडलेले छायाचित्र मार्च-एप्रिलचे असेल तर पोटाखाली कोरडी धूळ, आणि जूनचे असेल तर चाकांवर, त्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला व शेपटीच्या चाकामागे ओला चिखल दाखवावा. एनॅमलचे वॉश (खाचांत मुरणारे अतिशय पातळ रंग) ॲक्रिलिकच्या रंगावर चालतात, परंतु मध्ये ग्लॉस व्हार्निशचा थर पूर्ण वाळलेला हवा. धुळीसाठी पिगमेंट (कोरडी रंगभुकटी) वापरायचे असेल, तर ते मॅट व्हार्निश दिल्यानंतरच लावावे. आधी लावून वरून व्हार्निश फवारल्यास त्याचा बराचसा भाग दिसेनासा होतो.