नॉरफॉक ते मायामी शिडाच्या बोटीने, उचलत्या पुलांचं गणित कसं जमवायचं?

खाडीवाला: नमस्कार मंडळी, ऑक्टोबरअखेर मित्राची 34 फुटी शिडाची बोट नॉरफॉकहून मायामीला न्यायचीय, तो, मी आणि बायको. हॅटरासच्या भूशिराला समुद्रातून बाहेरून वळसा घालायची हिंमत नाही म्हणून आतून आयसीडब्ल्यूने, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने. डोलकाठी पाण्यापासून 50 फूट, बोट पाण्याखाली 5 फूट. पूल उघडायला आधी बुकिंग लागतं का, पैसे पडतात का? आणि शीड कितपत वापरता येतं? माझा अनुभव म्हणजे मांडव्याच्या बोटीत बसलोय तेवढाच, हसू नका.

चहाबाज: पैसे नाहीत, बुकिंग नाही. व्हीएचएफ रेडिओवर पुलाचं नाव घेऊन हाक मारायची, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात चॅनल 13, साउथ कॅरोलिनापासून खाली 9. रेडिओ बंद पडला तर भोंगा, एक लांब एक आखूड. तिकडून पाच आखूड आले की समजायचं आत्ता उघडत नाही. पण खरी मेख वेळेची आहे. व्हर्जिनियातला ग्रेट ब्रिज पूल दिवसा तासातासाला उघडतो, आम्ही चहा ओतत बसलो आणि चार मिनिटांनी हुकला, मग तासभर गोल गोल. वारा मागून, बोटीला काही ब्रेक नसतो, बायको पुढे फेंडर (धक्का झेलणारी उशी) धरून उभी आणि माझ्याकडे बघतही नव्हती. रश अवरला काही पूल उघडतच नाहीत, ते टाइमटेबल आदल्या रात्रीच बघून ठेवा.

गाळात_रुतलेला: 50 फूट म्हणजे अँटेना धरून का? तीच आधी अडकते! फिक्स, म्हणजे न उघडणारे पूल साधारण 65 फुटांचे, मायामीतला ज्युलिया टटल मात्र 56 चाच, तुम्ही निघाल. पुलाच्या खांबावर पट्टी असते, त्या घडीला किती उंची मिळतेय ते तीवर दिसतं, कागदापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा. मला पुलांपेक्षा जॉर्जियाची धास्ती वाटते, भरती-ओहोटीत 7-8 फुटांचा फरक आणि वळणावर गाळ. उथळ जागा चढत्या पाण्यातच पार करा, रुतलात तरी पाणीच उचलतं. मी उतरत्या पाण्यात रुतलो, बोट कलंडली, सहा-सात तास तिरक्या बिछान्यात.

चहाबाज: हो आणि शीड म्हणाल तर नॉर्थ कॅरोलिनातल्या अल्बेमार्ल साउंड खाडीसारख्या रुंद ठिकाणी, पण तिथे पाणी उथळ म्हणून थोड्या वाऱ्यातही लाटा आखूड आणि उभ्या येतात. बाकी 70-80 टक्के तरी इंजिन धरून चाला. पुलाखालून जाताना तर इंजिनच. समोरून बोट येत असेल तर प्रवाहासोबत येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, त्याला थांबणं अवघड.

खाडीवाला: आत्ताच मोजलं, अँटेना धरून 53! मित्राला हे माहीतच नव्हतं. रेडिओवर नक्की बोलायचं काय पण?

गाळात_रुतलेला: पुलाचं नाव, तुमच्या बोटीचं नाव, दक्षिणेला चाललोय, उघडणार का. संपलं. निघताना थँक्यू म्हणा, दिवसभर एकटेच बसलेले असतात ते, कधीकधी पुढच्या पुलाची खबरही देतात.