नोंदणीच नव्हती, तर तास मोजणार कोण?

ऑफिसात रोज उशिरापर्यंत राबावं लागतं या तक्रारीवर इथे काही जण म्हणतात, 'जमत नसेल तर राजीनामा द्यावा, कोणी बांधून ठेवलंय', ते मला अजिबात पटलं नाही. पुण्यात २०२४ मध्ये ईवाय या ऑडिट कंपनीतली २६ वर्षांची सीए मुलगी वारली, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते, आईने कामाच्या ताणाबद्दल थेट चेअरमनला पत्र लिहिलं, त्यावर सगळे बोलले पण पुढचं इथे कोणी लिहिलंच नाही. कामगार खात्याचे लोक ऑफिस तपासायला गेले तेव्हा कळलं की दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्या ऑफिसची नोंदणीच नाही, ऑफिस २००७ पासून चालू आणि अर्ज केला फेब्रुवारी २०२४ मध्ये! याच कायद्यात तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ आणि वरच्या तासांना दुप्पट पगार असं होतं.

मी स्वतः एका मोठ्या कंपनीत होते, तिथे टाइमशीटमध्ये आठच्या वर आकडा टाकला की मॅनेजर 'नीट भर' म्हणून परत पाठवायचा. रात्री साडेअकराला घरी पोचून मी ८ लिहायचे. तक्रार करायला गेले असते तर माझ्याच हातचा कागद माझ्याविरुद्ध. आणि राजीनामा म्हणाल तर नोटीस पीरियड ९० दिवसांचा, नवीन कंपनी तेवढी थांबायला तयार नाही आणि होमलोनचा हप्ता तर एक दिवसही थांबत नाही.