मदत हवी आहे: सहस्रचंद्रदर्शन, पण आजोबांना झेपेल असं

आजोबांना ८१वं लागलंय. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस धरले तर हजार पौर्णिमा ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास भरतात, त्यामुळे मुहूर्ताचा प्रश्न नाही. पाटाऐवजी हातांची, १८ इंच उंच खुर्चीही ठरली.

घोडं अडलंय औक्षणाशी. ८१ फुलवाती एकाच परातीत दाटीने लावल्या की ज्योती एकमेकींत मिसळतात, तूप तापून भडका उडतो, शिवाय परात धरवत नाही. त्यात दम्याला धूर सोसत नाही. तीन ताटांत २७-२७ वाती, मध्ये दोन बोटं अंतर, ताटं टेबलावरच ठेवून नुसतं अक्षता-सुपारीने ओवाळलं तर चालतं का?

आणि मधुमेह असल्याने जेवण बाराच्या आत हवं. होम आदल्या दिवशी कुणी उरकलाय का?